स्तोत्र १३९ वाचायला बसताना: देव आपल्याला ओळखतो म्हणजे काय, हे नव्याने शोधणाऱ्यांसाठी

आमच्या वसतिगृहाच्या जेवणघरात भिंतीवर एक पाटी होती, 'देव तुला पाहत आहे.' ती लावली होती बरोबर साखरेच्या डब्याच्या वर. मी तेव्हा सहावीत होते. पुढे कितीतरी वर्षं 'देव मला पूर्णपणे ओळखतो' असं कुणी म्हटलं की मला तो डबा आठवायचा. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १३९ बाळाच्या बाप्तिस्म्याला वाचतात, अंत्यविधीलाही वाचतात. सगळ्यांचं लाडकं स्तोत्र ते. मला मात्र ते ऐकताना घुसमटायला व्हायचं.

चाळिशीत, वडील गेले त्या पावसाळ्यात, मी ते पहिल्यांदा नीट वाचलं. तेही चुकतमाकतच. नव्याने बायबल हातात घेतलेली माणसं मला विचारतात की याची सुरुवात कुठून करायची. माझ्या चुकांवरून जो क्रम हाती लागला तो खाली देते आहे. घाईने एका बैठकीत उरकू नका. बारातेरा दिवस लागतील असं धरून चला.

काय काय लागेल

- मराठी बायबल. शक्य असल्यास दोन वेगवेगळी भाषांतरं. बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र' बहुतेक ख्रिस्ती घरांत सापडतं. पंडिता रमाबाईंचं भाषांतर मिळालं तर आवर्जून घ्या. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पूर्ण बायबल छापून आलं १९२४ साली, त्या गेल्यानंतर दोन वर्षांनी.
- एक वही आणि शिसपेन्सिल. पेन नको. खुणा बदलाव्या लागतात.
- रोज वीस मिनिटं, शक्यतो फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.
- शेवटच्या पायरीसाठी विश्वासाचं एक माणूस. ते आत्ताच शोधायला हवं असं नाही.

हिब्रू येण्याची गरज नाही. बाप्तिस्म्याचा दाखला कुणी मागत नाही. केवायसी तर नाहीच.

एक साधी अडचण आधीच सांगून ठेवते. जुन्या कॅथोलिक पुस्तकांत हेच स्तोत्र १३८ क्रमांकाचं असतं. ग्रीक आणि लॅटिन परंपरेत ९ आणि १० ही स्तोत्रं एकच धरली आहेत, म्हणून पुढची मोजणी बराच काळ एकाने मागे चालते. 'पारखले' हा शब्द पहिल्याच ओळीत दिसला की समजा, बरोबर पानावर आहात.

पायरी १: आधी एकदा मोठ्याने वाचा

वचनं, म्हणजे क्रमांक दिलेल्या ओळी, २४ आहेत. सावकाश वाचूनही तीनचार मिनिटांत होतात. वाचून झालं की पेन्सिलीने दर सहा वचनांनंतर एक रेघ मारा: १ ते ६, ७ ते १२, १३ ते १८, १९ ते २४. ही चार कडवी. पहिल्यात देव ओळखतो, दुसऱ्यात त्याच्यापासून पळता येत नाही, तिसऱ्यात त्याने घडवलं, आणि चौथ्यात अचानक शत्रूंवर आग. ती आग पाहून दचकायला झालं तर ठीक आहे. तिच्याकडे यायचंच आहे.

आज एवढंच.

पायरी २: क्रियापदं शोधा

दुसऱ्या दिवशी फक्त पहिलं कडवं घ्या आणि देव काय काय करतो त्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा.

पहिलंच क्रियापद 'पारखणे'. मराठीत आपण नाणं पारखतो, सोनं पारखतो. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ खणून, खोल जाऊन शोधणे. ईयोबाच्या पुस्तकात २८व्या अध्यायात खाणकामगार अंधारात उतरून धातूचे दगड शोधतात, तिथे हेच क्रियापद आहे. साखरेच्या डब्यावरची पाटी दुरून बघत होती. हा शब्द खाली उतरतो.

दुसरं क्रियापद 'ओळखणे', हिब्रूत 'यादा'. या धातूची रूपं मूळ स्तोत्रात सात वेळा येतात. भाषांतरात ती वेगवेगळ्या शब्दांत विखुरतात, त्यामुळे आपल्या सहसा लक्षात येत नाही. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात आदाम हव्वेला 'ओळखतो' आणि मूल होतं, तिथेही हाच धातू.

इथे मराठी वाचकाची एक सोय आहे. आपल्याकडे 'माहीत असणे', 'जाणणे' आणि 'ओळखणे' असे वेगवेगळे शब्द तयार आहेत. वरच्या मजल्यावरचे काका एसटीत होते, हे मला माहीत आहे. पण जिन्यात पाऊल वाजलं की माझी आई दार उघडायला उठायची आणि म्हणायची, "आज दमून आलेत वाटतं तुझे बाबा." ते ओळखणं. वहीत दोन रकाने करा. एकात तुमच्याविषयी लोकांना काय माहीत आहे ते लिहा, म्हणजे पत्ता, पगार, आजार, जात, शिक्षण. दुसऱ्यात तुम्हाला कोण ओळखतं ते. माझ्या दुसऱ्या रकान्यात दोन नावं आली, त्यातलं एक नुकतंच गेलेलं होतं. त्या दिवशी पुढचं काही वाचलं नाही.

चूक इथेच होते. 'देव सर्वज्ञ आहे' असं एक वाक्य मनाशी ठरवून आपण स्तोत्र त्या वाक्याचा पुरावा म्हणून वाचतो. स्तोत्रकर्ता मात्र देवाविषयी तिसऱ्या पुरुषात बोलतच नाही. तो थेट 'तू' म्हणतो, आईला म्हणतो तसं. पेन्सिलीने सगळे 'तू' आणि 'मी' गोल करून पाहा, पान भरून जाईल.

पायरी ३: पळून जावंसं वाटलं तर ते झाकू नका

पाचव्या वचनात देव पुढून आणि मागून वेढतो. मूळ क्रियापद नगराला वेढा घालण्यासाठीही वापरतात. म्हणजे ती ओळ मायेची मिठी असेल, नाहीतर कोंडी. मग लगेच सातव्या वचनात प्रश्न येतो की तुझ्यापासून मी कुठे पळून जाऊ? आकाशात, अधोलोकात, पहाटेचे पंख लावून समुद्राच्या पार टोकाला. इस्राएलात समुद्र पश्चिमेला आहे, आपल्या कोकणासारखाच. म्हणजे पहाट उगवते त्या टोकापासून सूर्य बुडतो त्या टोकापर्यंत.

ही जागा उपदेशांतून फार गोड करून सांगतात. तसं करू नका. त्याऐवजी आणखी दोन उतारे काढा.

पहिला आमोस ९:२, म्हणजे आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकातला नववा अध्याय, दुसरं वचन. तिथे हीच जोडी आहे, अधोलोक आणि आकाश. पण तिथे देव म्हणतो की ते खणून खाली गेले तरी माझा हात त्यांना ओढून काढील, वर चढले तरी मी त्यांना खाली आणीन. शब्द जवळपास तेच आणि सूर धमकीचा. आमोसाचे श्रोते गरिबांना चपलांच्या जोडासाठी विकणारे होते, हे त्याच पुस्तकात आधी आलेलं आहे. कोण लपतंय आणि कशापायी लपतंय, यावर सूर ठरतो.

दुसरा उतारा ईयोब, अध्याय ७. सगळं गमावून, अंगभर फोड घेऊन बसलेला हा माणूस देवाला म्हणतो, तू माणसांवर पहारा ठेवणारा, माझ्यावरून नजर कधी काढशील? आवंढा गिळायला तरी सवड दे! आवंढ्याची गोष्ट मी मराठी म्हणीतून आणलेली नाही, मूळ हिब्रूत थुंकी गिळण्याचाच उल्लेख आहे. हे वाचलं तेव्हा मला हायसं वाटलं. साखरेच्या डब्यासमोर उभी असलेली सहावीतली मुलगी बायबलच्या आत बसू शकत होती, आणि तिला कुणी बाहेर काढलेलं नव्हतं.

एक सूचना मनापासून. सतत कुणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे, अशी भीती तुम्हाला या वाचनाबाहेरही छळत असेल, झोप उडाली असेल, तर स्तोत्र बाजूला ठेवा आणि डॉक्टरांशी बोला. भक्ती कमी पडते म्हणून असं होतं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

पायरी ४: हागारेची गोष्ट शेजारी ठेवा

उत्पत्ती, अध्याय १६. या पायरीला मी सगळ्यात जास्त वेळ देते, दोन दिवस तरी.

हागार मिसरी, सारायची दासी. मूल होत नाही म्हणून साराय तिला आपल्या नवऱ्याकडे, अब्रामाकडे पाठवते. तिला दिवस जातात, दोघींत बिनसतं, साराय तिचा छळ करते, ती रानात पळून जाते. आता एक गोष्ट पेन्सिलीने तपासा. या अध्यायात साराय आणि अब्राम बोलताना तिचं नाव एकदाही घेत नाहीत. 'माझी दासी', 'तुझी दासी' एवढंच. निवेदक नाव सांगतो, पण घरात तिला नावाने हाक मारताना आपल्याला ऐकू येत नाही. पहिली हाक येते ती रानात, झऱ्याजवळ, देवदूताकडून: हागारे!

तो विचारतो, कुठून आलीस आणि कुठे चालली आहेस? प्रश्न दोन. ती उत्तर एकाचंच देते, मालकिणीपासून पळून चालले आहे. कुठे, ते तिच्याकडे नाहीच. माझ्या वहीत या जागी नुसतं 'बरोबर' असं लिहिलेलं आहे. तेव्हा काय सुचलं होतं आता सांगता येणार नाही, पण खोडावंसं वाटलं नाही.

मग ती देवाला नाव देते, एल-रोई, म्हणजे मला पाहणारा देव. बायबलमध्ये देवाला नाव देणारी ही पहिली व्यक्ती. एक परदेशी, गरोदर, पळालेली दासी. विहिरीलाही त्यावरून नाव पडतं, बैर-लहाय-रोई. 'देव पाहतो' हे वाक्य सर्वांत आधी तिने उच्चारलं, आणि तिच्या तोंडी ते सुटकेचं आहे. आमच्या जेवणघरातली पाटी कुणी तिच्या आवाजात वाचून दाखवली असती तर!

पण गोष्टीतला अवघड भागही वगळू नका. देवदूत तिला परत जायला सांगतो, त्याच मालकिणीच्या हाताखाली. मला हे अजून पचलेलं नाही. एकविसाव्या अध्यायात तिला पुन्हा घराबाहेर काढतात, भाकरी आणि पाण्याची एक मसक देऊन. पाणी संपतं, ती मुलाला झुडपाखाली ठेवून दूर जाऊन बसते, कारण त्याचं मरण तिला बघवणार नाही. मुलाचं नाव इश्माएल, अर्थ 'देव ऐकतो', आणि तिथे देव त्या मुलाचा आवाज ऐकतो. नवऱ्याच्या किंवा सासरच्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या बाईला सोळाव्या अध्यायातला 'परत जा' दाखवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी एकविसावा अध्याय उघडलेला नसतो.

पायरी ५: तिसरं कडवं, थोडक्यात

तेराव्या वचनात देवाने माझं 'अंतर्याम' घडवलं असं येतं. मूळ शब्द आहे मूत्रपिंडं. हिब्रू माणूस मनाचा तळ तिथे आहे असं मानायचा. आपण काळीज म्हणतो तेव्हा तरी कुठे शरीरशास्त्र सांगत असतो? पंधराव्या वचनातलं घडवण्याचं क्रियापद भरतकामाचं आहे. निर्गम २६ मध्ये निवासमंडपाच्या, म्हणजे देवासाठी उभारलेल्या तंबूच्या, पडद्यावर रंगीत धाग्यांचं काम आहे, तिथेही तोच धातू. सोळाव्यातला 'गोलेम', म्हणजे अजून आकार न आलेला गोळा, हा शब्द तर हिब्रू बायबलमध्ये फक्त इथेच.

चौदाव्या वचनात 'यादा' पुन्हा येतो, पण आता जाणणारा देव नाही. माझा जीव हे जाणतो, असं स्तोत्रकर्ता म्हणतो. सातांतली ही एकच वेळ अशी. तिथे चांदणीची खूण करा.

पायरी ६: १९ ते २२ गाळू नका

'देवा, तू दुष्टांना मारून टाकशील तर बरं', 'मी त्यांचा पुरेपूर द्वेष करतो'. ही चार वचनं अनेक ठिकाणी वाचतच नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर रोमन कॅथोलिक चर्चने दैनिक प्रार्थनांचं पुस्तक नव्याने तयार केलं, त्यातही ती वगळली आहेत. कारण समजतं. सामुदायिक प्रार्थनेत 'मारून टाक' म्हणायला जीभ वळत नाही. पण तुम्ही एकटे वाचताय, तेव्हा वाचा.

मी काय केलं ते सांगते. वडील गेल्यावर घराच्या वाटणीवरून आमच्यात जे व्हायचं ते झालं. एका नातेवाइकाचं नाव मी वहीत या वचनांशेजारी लिहिलं. खालोखाल काय काय व्हावं तेही लिहिलं, दीड पान. वळणदार अक्षरात, कारण मजा येत होती. मग पान उलटलं तर पुढची ओळ होती, देवा, माझी झडती घे.

म्हणजे द्वेष ओकून झाल्यावर, ओठ पुसायच्या आत, तोच माणूस म्हणतो की आता मला तपास. शत्रूंना तपास असं म्हणत नाही. मधली चार वचनं काढून टाकली तर १८ आणि २३ छान जोडली जातात, पण मग झडतीत सापडणार काय? माझ्या झडतीतला मुद्देमाल तर त्या दीड पानात होता. तो नातेवाईक अजून वाईटच वागतो, हेही नमूद करते.

पायरी ७: नव्या करारातल्या पाच जागा

एकेका दिवशी एकेक. जास्त नको.

गलतीकरांस ४:९. प्रेषित पौल गलतीच्या मंडळ्यांना पत्रात लिहितो की आता तुम्ही देवाला ओळखता, आणि वाक्य अर्धवट असतानाच स्वतःला दुरुस्त करतो: किंबहुना देवाने तुम्हाला ओळखलं आहे. पत्र सांगून लिहवून घेताना जीभ चाचरावी तशी ही जागा आहे.

पहिलं करिंथ १३:१२. हा अध्याय लग्नात वाचतात, आणि बहुतेक लोक प्रेमाच्या ओळींपुढे जातच नाहीत. आरसा म्हणजे त्या काळी घासून चकचकीत केलेला धातू, त्यात चेहरा अंधुकच दिसणार. पौल म्हणतो, आता मला अंशतः कळतं, पण पुढे मी पूर्णपणे ओळखेन, जसा मी पूर्णपणे ओळखला गेलो आहे. काळाकडे लक्ष द्या. माझं ओळखणं पुढे व्हायचं आहे, मला ओळखणं होऊन गेलेलं आहे.

योहान ४. शोमरोनी बाई भर दुपारी विहिरीवर येते. येशू तिच्या पाच नवऱ्यांची गोष्ट तिच्यासमोर ठेवतो. ती गावात जाऊन सांगते, मी केलेलं सगळं ज्याने मला सांगितलं असा माणूस येऊन पाहा. ज्या गोष्टीपायी गावात तोंड लपवायचं, तीच गोष्ट ती गावाला ओरडून सांगते आहे.

मत्तय ७:२३. हे वचन भीतिदायक आहे, टाळू नका. 'तुझ्या नावाने आम्ही चमत्कार केले' म्हणणाऱ्यांना येशू सांगतो, मला तुमची कधीच ओळख नव्हती. ओळखणे म्हणजे माहिती असणे असतं, तर सर्वज्ञ देवाला हे वाक्य बोलताच आलं नसतं. पायरी २ मधले दोन रकाने काढून बघा. ती माणसं पहिल्या रकान्यातली यादी घेऊन दारात उभी होती.

इब्री ४:१३. त्याच्या डोळ्यांपुढे सर्व उघडं आणि बोडकं आहे. इथेच थांबाल तर पुन्हा साखरेचा डबा. सोळाव्या वचनापर्यंत वाचा. मध्ये आपल्या दुबळेपणाची कळ जाणणारा महायाजक, म्हणजे येशू, येतो, आणि शेवटी धैर्याने जवळ या असं बोलावणं.

पायरी ८: २३ आणि २४ स्वतःच्या तोंडाने म्हणा

आता पहिलं आणि तेविसावं वचन शेजारीशेजारी लिहून काढा. मूळ क्रियापदं तीच आहेत, खणून शोधणं आणि ओळखणं. पहिल्यात 'तू पारखलं आहेस', तेविसाव्यात 'पारख'. जे झालेलं आहे तेच तो पुन्हा मागतो! मला हे कळायला तीन आठवडे लागले. देवाने विचारलं नव्हतं, ओळखलं होतं. बावीस वचनं पळून, भांडून, चिडून झाल्यावर हा माणूस स्वतःहून दार उघडतो. तुमची बावीस वचनं अजून संपली नसतील तर ही पायरी पुढे ढकला. काहीही बिघडत नाही.

म्हणायचं कसं? सकाळी, दिवसाची धावपळ सुरू व्हायच्या आधी. दोन्ही वचनं एकदा मोठ्याने म्हणून पाच मिनिटं गप्प बसा. मनात जे पहिलं येईल ते एका ओळीत लिहा. बहुतेक वेळा 'गॅस बंद केला का' असंच येतं. तेही लिहा. दुसऱ्या वचनात बसणं-उठणंसुद्धा ओळखीत धरलेलं आहे.

यात दोन धोके आहेत. एक म्हणजे स्वतःच स्वतःचं फौजदार होणं, रोज पापांची यादी वाढवत नेणं. झडती 'घे' असं म्हटलं आहे, 'मी घेतो' असं नाही. पाच मिनिटं झाली की उठा. दुसरा धोका माणसांचा. 'देवाने तुझ्याविषयी मला दाखवलं आहे, सगळ्यांसमोर कबूल कर' असं सांगणारे भेटतात, कधी पाळकाच्या झग्यात, कधी प्रार्थनेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात. अशा वेळी स्तोत्र उघडून दाखवा. त्यात देव आहे आणि मी आहे, पारखायला तिसरं कुणी नाही. वही कुणालाही वाचायला देऊ नका. सांगावंसं वाटलंच तर त्या एका विश्वासाच्या माणसाला, तेही तुम्हाला वाटेल तेव्हा आणि वाटेल तेवढंच.

शब्द सुचलेच नाहीत तर योहान २१:१७ उसना घ्या. येशूला तीन वेळा नाकारणाऱ्या शिष्य पेत्राला आता कोळशाच्या शेगडीजवळ येशू तीन वेळा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? तिसऱ्यांदा तो दुखावतो. खुलासा करत नाही, वचनही देत नाही. म्हणतो, प्रभू, तुला सर्व ठाऊक आहे. मी एवढंच म्हणते बहुतेक सकाळी, आणि चहा ठेवते.